ओळखीचा हशा

दर वर्षी पहिल्या तासाला मी नव्या मुलांना एकच प्रश्न विचारते : शेवटचं नाटक कोणतं पाहिलंत? गेंटला नाट्यशास्त्र शिकायला येणारी मुलं या प्रश्नाची तयारी करूनच येतात. कुणी ब्रुसेल्समधला प्रयोग सांगतं, कुणी बर्लिनमधला, एखादी मुलगी कुठल्या तरी रशियन दिग्दर्शकाच्या नावाशी झटापट करते. त्या वर्षी खिडकीशी बसलेला एक उंच, लाल कानांचा मुलगा म्हणाला, “माझ्या बापाचं.”

“वडील दिग्दर्शक आहेत का?” मी विचारलं.

“नाही. खाटीक आहेत.”

वर्ग हसला. मुलगा ओशाळला नाही. हसू ओसरेपर्यंत तो थांबला आणि मग अगदी साधेपणानं म्हणाला, “तुम्ही आत्ता नेमकं कशाला हसलात?”

कुणालाच सांगता येईना. मलाही आलं नसतं, आणि प्रेक्षक का हसतो, का रडतो, हे शिकवण्यात तर माझे केस पांढरे झालेत. त्या दिवशी जे शिकवायचं ठरवलं होतं ते मी गुंडाळून ठेवलं आणि उरलेला सगळा तास आम्ही त्याच्या प्रश्नावर घालवला. मुलाचं नाव वान्नेस लोटेन्स. राहणार स्टावेनकेर्के. पश्चिम फ्लँडर्सचा तो सपाट, वाऱ्याचा भाग, जिथली बोली ऐकून गेंटची मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारतात.

पुढे त्यानं एमए केलं, आणि माझ्याकडेच पीएचडीला नाव घातलं. विषय तोच, पहिल्या तासाचा. गावातली माणसं गावातल्याच माणसाला रंगमंचावर पाहून हसतात, तेव्हा ती कशाला हसतात?

स्टावेनकेर्केत एक हौशी नाट्यमंडळ आहे, आमच्याकडच्या प्रत्येक गावात असतं तसं. दर फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये ते एक फार्स करतात. तीन शनिवार-रविवार प्रयोग, मध्यंतरात बिअर आणि कॉफी, भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्या. या मंडळाचा हुकमी विनोदी नट म्हणजे वान्नेसचे वडील, नोएल लोटेन्स. बुटका, रुंद माणूस, मान जवळपास नाहीच. सकाळी दुकानात किमा आणि सॉसेज तोलायचा आणि संध्याकाळी त्याच गिऱ्हाइकांना हसवून हसवून खुर्चीतून पाडायचा.

वान्नेस दर प्रयोगाला हॉलमध्ये दोन माइक लावून बसायचा. एक रंगमंचाकडे, एक लोकांकडे. कानाला हेडफोन, मान खाली. मग महिनोन्‌महिने ते ध्वनिमुद्रण ऐकायचं, कुठल्या वाक्याला हशा आला, वाक्याच्या आधी आला की नंतर, पुढच्या खुर्च्यांत सुरू झाला की मागच्या, हे सगळं मांडायचं. त्याच्या हाती जे लागलं ते ऐकायला सोपं आहे, पण त्याच्याआधी इतकं नेमकं कुणी पकडलं नव्हतं. लोक भूमिकेला हसत नव्हते. लोक खाटकाला हसत होते. एकदा नोएलनं बिशपचं काम केलं होतं. प्रसंग असा की बिशप एका बाईच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. नोएलनं हात ठेवला, जरासा थांबला आणि म्हणाला, “थोडं जास्त झालंय, राहू दे ना?” दुकानात काट्यावर हॅम टाकल्यावर तो हेच विचारायचा, रोज, प्रत्येकाला. हॉल कोसळला. गावाबाहेरच्या कुणी तो प्रयोग पाहिला असता, तर त्याला यात काही कळलं नसतं. वान्नेसनं याला नाव दिलं होतं, ओळखीचा हशा. मी ते नाव त्याच्या प्रबंधातून माझ्या व्याख्यानात उचललं, त्याला विचारून.

बापलेकांत मात्र या प्रबंधावरून फारसं गोड नव्हतं. नोएल दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा, “आमचा मुलगा डॉक्टर होतोय. गुडघा दुखत असेल तर जाऊ नका त्याच्याकडे, त्याला फक्त हसणं तपासता येतं.” हे वान्नेसला कुणीतरी येऊन सांगायचंच. आणि वान्नेसचं म्हणाल तर प्रयोग संपल्यावर इतर लोक नोएलच्या पाठीवर थाप मारायला जायचे, तेव्हा हा जाऊन विचारायचा, “बाबा, दुसऱ्या अंकात खुर्चीत बसायच्या आधी तू लोकांकडे का पाहिलंस?”

“पाहिलं असेल.”

“प्रत्येक प्रयोगात पाहिलंस.”

“मग तूच सांग का पाहिलं. शिकलेला तू आहेस.”

हे मला वान्नेसनंच सांगितलं होतं, माझ्या खोलीत, हीटरवर मोजे वाळत घालता घालता. पावसात सायकलनं यायचा नेहमी. म्हणाला, “त्याला वाटतं मी त्याला प्रयोगशाळेतला ससा केलाय.”

“केलायस का?”

तो विचारात पडला. “ससा मला कधी हसवत नाही,” म्हणाला, आणि मोजे उलटे केले.

मे महिन्यात एका शुक्रवारी तो गावी निघाला होता. स्टेशनपासून घर सायकलनं वीस मिनिटांवर. एका चौकात उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तो दिसला नाही. मला शनिवारी सकाळी फोन आला. करणारी बाई म्हणाली, मी वान्नेसची आई, मारिएत. तिचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, तो आजारी आहे आणि प्रबंधाला मुदतवाढ हवीय.

अंत्यविधीनंतर त्याच चर्चच्या हॉलमध्ये कॉफी ठेवली होती. पाव, हॅम, चीज, आमच्याकडे असतं तसं. हॅम नोएलनं स्वतः कापून आणलं होतं. मला ते विचित्र वाटलं, पण मारिएत म्हणाली, “दुसरं कुणी कापलेलं त्याला चाललं नसतं.” तो दाराशी उभा राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होता. माझा घेतला तेव्हा म्हणाला, “तुम्ही त्या प्रोफेसरबाई.” मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

जूनअखेर दोघं गेंटला आली, वान्नेसची खोली रिकामी करायला आणि विद्यापीठातलं त्याचं सामान न्यायला. पुस्तकं भरायला नोएलनं दुकानातले लाल प्लॅस्टिकचे क्रेट आणले होते, ज्यातून मांस येतं ते. स्वच्छ धुतलेले. त्यानं कोट घातला होता आणि त्यात त्याला उकडत होतं. मारिएत उंच, सडपातळ बाई. वान्नेसची उंची तिचीच. पुस्तकं ती एक एक हातात घेऊन पुसत होती, त्यांच्यावर धूळ नव्हती तरी.

मी सांगितलं की ध्वनिमुद्रणं विद्यापीठाच्या संगणकावर आहेत, ती त्यांची आहेत, हवी तर देईन.

“ऐकता येतील?” नोएलनं विचारलं.

“आत्ता?”

मारिएतनं हातातलं पुस्तक क्रेटमध्ये ठेवलं. “मी खाली गाडीत बसते,” ती म्हणाली.

“मारिएत, अगं, नुसतं नाटक आहे.”

“त्यात तो कुठेतरी बोलला असेल. माइक लावताना, काही. मी एकदा ऐकला तर बंद कधी करायचा, ते मला कळणार नाही.” आणि ती गेली. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

मी बिशपचा प्रयोग लावला. नोएल गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. स्वतःचा आवाज ऐकून त्यानं नाक मुरडलं. मग आशीर्वादाचा प्रसंग आला. “थोडं जास्त झालंय, राहू दे ना?” आणि हॉलचा हशा, लाटेसारखा, भिंतीला आपटून परत येणारा. त्या हशाच्याही आधी, माइकच्या अगदी जवळ, एक लहानसं हसू होतं. दाबायचा प्रयत्न केलेलं, उचकीसारखं फुटलेलं.

“हा कोण?” नोएल म्हणाला.

“वान्नेस.”

तो माझ्याकडे पाहत राहिला.

“तो माइकशेजारी बसायचा ना,” मी म्हटलं. “प्रत्येक प्रयोगात आहे हे. त्याला राग यायचा, मुद्रण खराब होतं म्हणून. सोमवारी यायचा आणि म्हणायचा, या वेळीही माझ्या बापानं मला हसवलं.”

“मला वरून नुसते हेडफोन दिसायचे,” नोएल म्हणाला. “आणि हे डोकं, असं खाली.” त्यानं मान वाकवून दाखवलं. “मला वाटायचं, गावात एकच माणूस आहे ज्याला मी हसवू शकत नाही, आणि तो माझ्याच घरी जेवतो.”

त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली गाडीत मारिएत सरळ समोर पाहत बसली होती.

बऱ्याच वेळानं त्यानं रुमालानं तोंड पुसलं. “एक विचारू का, मॅडम? त्याचं काम चांगलं होतं का? मेलेल्या माणसाचं म्हणून नको. तो जिवंत असता आणि मी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंत?”

मी थोडा विचार केला. “पहिली दोन प्रकरणं फार चांगली आहेत. मी स्वतः इतकं चांगलं लिहिलेलं नाही. तिसरं अर्धवट आहे, आणि जे आहे त्यातलं निम्मं तो स्वतःच काढून टाकणार होता. त्यात तो घाईनं मोठ्या मोठ्या गोष्टी बोलायला लागला होता.”

नोएलचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैलावला. “बरं झालं सांगितलंत. गावात सगळे म्हणतात, किती हुशार होता. आमच्याकडे मेलेला माणूस हुशारच असतो. आमचा कुत्रा मेला तेव्हा तोही हुशार झाला होता.”

पदवीचं मात्र जमलं नाही. मृत्यूनंतर पीएचडी देता येते, पण प्रबंध पूर्ण असावा लागतो, आणि वान्नेसचा नव्हता. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. एकानं बैठकीनंतर मला बाजूला घेऊन सुचवलं, “हे बघ लीव्ह, टिपणं आहेत ना त्याची? मार्गदर्शक म्हणून तू ते प्रकरण पुरं कर. कोण विचारणार आहे?”

ऑगस्टभर मी तेच केलं. त्याच्या टिपणांवरून, त्याच्याच पद्धतीची छोटी वाक्यं लिहीत. तो कसा लिहितो हे मला माहीत होतं, कितीतरी वर्षं मी ते तपासलं होतं. तीस-एक पानं झाली. वाचताना मध्येच मला वाटायचं की हे त्यानंच लिहिलंय, आणि त्या क्षणी मला बरं वाटायचं, आणि लगेच वाईट.

छापायला देण्याआधी आईवडिलांना विचारायला हवं, म्हणून मी स्टावेनकेर्केला गेले. सोमवार होता, दुकान बंद. मागच्या स्वयंपाकघरात नोएल डुकराच्या डोक्याचं शिजवलेलं मांस साच्यात भरत होता, वर थिजायला रस्सा ओतत होता. मारिएतनं कॉफी केली. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे त्याच्या नावावर तुम्ही लिहिणार,” नोएल म्हणाला.

“त्याच्या टिपणांवरून.”

“आणि त्यात चुका असतील तर त्या कुणाच्या?”

मी कॉफी ढवळत राहिले.

“त्याच्या चुका त्याच्याच राहू द्या, बाई. तुम्ही म्हणालात ना, निम्मं तो काढून टाकणार होता. कुठलं निम्मं, ते तुम्हाला माहीत आहे?”

“नोएल,” मारिएत म्हणाली. ती आतापर्यंत काही बोलली नव्हती. “मला ते हवंय.”

“काय हवंय?”

“ती पदवी. मला कुणी विचारलं, मुलगा काय करायचा, तर मी काय सांगू? करत होता, सांगू? मला झाला म्हणून सांगायचंय.”

“तो झाला नाही, मारिएत.”

“ते मला माहीत आहे.” तिनं कप बशीत ठेवला. “तो झाला नाही हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. तुला तुझ्या त्या टेपमध्ये तो हसताना मिळालाय. मला काय मिळालंय?”

नोएलच्या हातात रश्श्याचा डाव तसाच राहिला. त्यानं तिला सांगितलं होतं, म्हणजे. आणि तरी तिनं ते मुद्रण ऐकलं नव्हतं. मी अशा वेळी शिक्षकानं करावं ते केलं, म्हणजे काहीच नाही. शेवटी मारिएतच म्हणाली, “राहू दे. त्याचं म्हणणं बरोबर आहे. बरोबर असलं म्हणून मला आवडायलाच हवं असं नाही.”

गेंटला आल्यावर ती पानं मी फाडून टाकली. पहिली दोन प्रकरणं विद्यापीठानं छोट्या पुस्तकाच्या रूपात काढली, त्याच्या नावानं. मारिएतनं ते पुस्तक दुकानाच्या काउंटरवर ठेवलं, वजनकाट्याशेजारी, असं मला नंतर कळलं. कुणी उघडून पाहत नसे, पण पुसायची ती रोज.

जानेवारीत नोएलचा फोन आला. तो या वर्षीही काम करणार होता. गावात कुणाला वाटलं नव्हतं. मंडळानं विचारलंसुद्धा नव्हतं, त्यानंच जाऊन सांगितलं. फार्समध्ये त्याला म्हाताऱ्या नवरदेवाचं काम होतं, लग्नाच्या सकाळी ज्याची पँट हरवते.

“मारिएत काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, कर. घरात नुसता बसलास तर मला वेड लागेल.” मग म्हणाला, “त्याला माझं काम आवडायचं, ते कळलं ना मला. त्याच्यासाठी करतो एकदा. तुम्ही या.”

पहिला प्रयोग शनिवारी होता. मला रविवारी दुपारचा जमणार होता. शनिवारच्या प्रयोगाबद्दल मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, “लोक फार चांगले वागले.” मला हा शब्द खटकला. प्रेक्षक चांगले वागतात म्हणजे काय? नाटकाला आलेल्यांबद्दल कुणी असं बोलत नाही.

रविवारी हॉल भरला होता. मागच्या दोन रांगांत समुद्रकाठच्या कुठल्या गावाहून बसनं आलेले पेन्शनर होते, खुशीत, कोट घालूनच बसलेले. मी मधल्या रांगेत. मारिएत पहिल्या रांगेत कडेला, मांडीवर पर्स.

पडदा उघडला. नवरीकडच्या माणसांचा एक प्रवेश झाला, थोडंफार हसू आलं. मग नोएलची एन्ट्री. शर्ट, टाय, वर फुलांचा गुच्छ, खाली लोकरी मोजे आणि अंडरवेअर. वान्नेसच्या सगळ्या मुद्रणांत या जागी, नोएल तोंड उघडायच्याही आत, हशा उठायचा. या वेळी टाळ्या आल्या. गाव उभं राहिलं. मोठ्या, लांब, मायेच्या टाळ्या. नोएल गुच्छ धरून उभा होता. टाळ्या संपल्या, लोक बसले, आणि त्यानं पहिलं वाक्य घेतलं. ते विनोदी वाक्य होतं, आणि त्यानं ते उत्तम घेतलं.

कुणी हसलं नाही.

विनोदी नट वाक्यानंतर हशासाठी जागा सोडतो. थोडी, श्वासाएवढी. नोएलच्या अंगात ती जागा इतक्या वर्षांची मुरली होती. तो वाक्य घ्यायचा, जागा सोडायचा, आणि ती जागा रिकामी राहायची. लोक त्याच्याकडे पाहत होते, डोळ्यांत सगळं प्रेम आणून, माना किंचित कलत्या, अंत्यविधीला पाहिलं होतं तशाच नजरेनं. त्याच्यासोबत काम करणारी बाई गोंधळली, तिची वाक्यं घाईत येऊ लागली. नोएलनं घाई केली नाही. एका प्रसंगात तो टेबलाखालून बाहेर येताना टेबलक्लॉथ घागऱ्यासारखा कमरेला गुंडाळतो, आणि तसाच धर्मगुरूशी हात मिळवतो. त्यानं ते असं केलं की माझ्याच तोंडून हसू निसटलं.

तेवढ्यात मागून खदखदून आवाज आला. पेन्शनर हसत होते. एक म्हातारा तर खोकायला लागला हसून. त्यांना दिसत होता फक्त म्हातारा नवरदेव. नोएलच्या पाठीचा कणा ताठ झाला, मला ते स्पष्ट दिसलं. त्यानं पुढचं वाक्य थेट शेवटच्या रांगेकडे फेकलं, आणि तिथून पुन्हा हशा आला.

माझ्यापुढची एक बाई वळली आणि ओठांवर बोट ठेवून मागे म्हणाली, “शू.” आणखी एक-दोघं वळून पाहू लागले, रागानं नव्हे, समजावल्यासारखं. पेन्शनर बावरले.

मध्यंतरात मी पाहिलं. बारपाशी, बिअरचे ग्लास हातात घेऊन, गावातली माणसं त्या पाहुण्यांशी बोलत होती. हळू आवाजात. एकीनं पाहुणीच्या दंडावर हात ठेवला होता. पाहुणीनं तोंडावर हात नेला. मला जाऊन त्यांना थांबवावंसं वाटलं. पण काय सांगणार होते? दया करू नका, असं?

दुसऱ्या अंकात मागच्या रांगाही गप्प होत्या. खोकणारा म्हातारा डोळे पुसत होता. नोएलनं एक वाक्य मागे फेकलं, पुन्हा एक फेकलं. मग त्यानं ते सोडून दिलं. जागा सोडणंही बंद केलं. शेवटचा सगळा प्रवेश त्यानं वाक्याला वाक्य जोडत, सरळ, एखादं साधं नाटक करावं तसा केला. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेचनात.

हॉलच्या स्वयंपाकघरात नट रंग उतरवतात. तो सिंकपाशी बसला होता, मानेला टॉवेल. इतर लोक बाहेर गेले तसं त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“मध्यंतरानंतर मागच्यांना काय झालं?”

“त्यांना कुणीतरी सांगितलं.”

“हं.” त्यानं गालावरचं क्रीम पुसलं. “सांगणारच. चांगली माणसं आहेत.”

“तुम्ही वाईट केलं नाहीत, नोएल.”

“ते मला माहीत आहे. वाईट केलं की कळतं. हे वेगळं होतं. हे म्हणजे दुकान उघडं आहे, माल ताजा आहे, आणि लोक येऊन नुसतं हात मिळवून जातायत.” त्यानं क्रीमच्या डबीचं झाकण लावलं. “त्यानं यावर काही लिहिलं होतं का?”

“त्यानं लिहिलं होतं की लोक भूमिकेला हसत नाहीत, तुम्हाला हसतात. तुम्ही वर आलात की त्यांना सकाळचा किमा आठवतो, काटा आठवतो, आणि खाटकाला अशा वेषात पाहून गंमत वाटते.”

“आणि आता वर आलो की पोरगं आठवतं.”

“हो.”

“हे नाही लिहिलं त्यानं.”

“नाही. हे त्याला माहीत नव्हतं.”

नोएलनं टॉवेल घडी करून सिंकच्या कडेला ठेवला, कोपऱ्याला कोपरा लावून. “मग हे कळलेले आपण दोघंच,” तो म्हणाला. “आपल्याला काय करायचंय कळून.”

उरलेले सगळे प्रयोग त्यानं केले. एकही चुकवला नाही. त्यानंतर मंडळाला सांगितलं की गुडघे दुखतात. कुणाचाच विश्वास बसला नाही आणि कुणीच वाद घातला नाही.

मी अजून शिकवते. वसंतात प्रेक्षक या विषयाचे तास असतात, तेव्हा बिशपचं मुद्रण मुलांना ऐकवते. मुलं विचारतात, जवळून हसणारा कोण? मी म्हणते, ज्यानं हे मुद्रण केलं तो. त्या वर्षी एका मुलीनं विचारलं, मग संशोधकानं असं हसलेलं चालतं का? मी चालतं म्हणाले, आणि पुढे जे सांगायचं होतं ते आठवेना, म्हणून तास लवकर सोडला.

पुढच्या फेब्रुवारीत मारिएतनं मला बोलावलं. आम्ही दोघं नाटक पाहायला जातोय, तुम्हीही या, म्हणाली. मुख्य काम आता पोस्टातला इव्हो करत होता. लंबूटांगा, हाताचं काय करायचं ते न कळणारा, पण मनापासून करणारा. मला मारिएतच्या एका बाजूला जागा होती, दुसऱ्या बाजूला नोएल. पाचवी-सहावी रांग असेल.

इव्हो आला, त्याचं पहिलं विनोदी वाक्य झालं, आणि हॉलमध्ये एक विचित्र थांबा पडला. मी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगांतले लोक किंचित वळले होते, मागचे किंचित पुढे झुकले होते. ते नोएलकडे पाहत होते. हा बसलाय आणि आपण कसं हसावं, असं. वर इव्हो जागा सोडून उभा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता.

नोएल हसला. मोठ्यानं, पोटातून, खुर्ची हलवत, हॉलच्या शेवटपर्यंत जाईल असं. आणि लगेच गाव हसलं, सुटल्यासारखं.

पुढच्या वाक्याला पुन्हा तेच झालं. क्षणभर शांतता, नजरा, मग नोएलचं हसू आणि त्यामागून सगळ्यांचं. तो बरोबर जागेवर हसत होता. कुठे हसायचं हे त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणाला कळत होतं? एक वाक्य इव्होनं पार वाया घालवलं, तिथेही तो हसला, इव्होला धीर यावा म्हणून. मी आयुष्यभर माणसांचं हसणं ऐकत आले आहे. नोएलच्या त्या हसण्यांतलं एकही खरं नव्हतं.

मारिएतलाही ते कळत असावं. ती रंगमंचाकडेच पाहत होती. तिचा हात नोएलच्या गुडघ्यावर होता, आणि तो हसला की तिचा हात घट्ट व्हायचा.

इव्होनं दार उघडलं, ते त्याच्या हातात आलं, तो दार धरून उभा राहिला. नोएल हसला. त्याच्यामागून सगळा हॉल.